पाण्यात न विरघळणारे रेणू: लिपिडची रचना, त्यांची कामं आणि तुमचा रिपोर्ट

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी बारावीला आहे आणि तिच्या अभ्यासात आलंय की लिपिडशिवाय एकही पेशी टिकू शकत नाही. त्याच आठवड्यात ताईंचा स्वतःचा उपाशीपोटी केलेला लिपिड प्रोफाइल हातात आला: एकूण कोलेस्टेरॉल २१८, ट्रायग्लिसराइड ३१०, एचडीएल ३६, एलडीएल १२०. घरचे म्हणतात तेल-तूप बंद करा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी सांगतं, रोज चमचाभर खोबरेल तेल प्या. ताई विचारतात, अभ्यासातलं लिपिड आणि रिपोर्टमधलं लिपिड एकच का? आणि एकच असेल तर ते चांगलं की वाईट?

ताई, दोन्ही एकच. मी ठाण्यात क्लिनिकल बायोकेमिस्ट म्हणून बरीच वर्षं काम करते आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रथिनं काय किंवा कर्बोदकं काय, त्यांची ओळख रचनेवरून पटते. लिपिडचं तसं नाही. जे पाण्यात विरघळत नाही, पण ईथर किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात विरघळतं, ते सजीवातलं द्रव्य म्हणजे लिपिड. त्यामुळे खोबरेल तेल, मधमाशीचं मेण, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी आणि टोमॅटोचा लाल रंग ही सगळी मंडळी एकाच घरात येतात, रचनेने एकमेकांपासून कितीही लांब असली तरी. आपलं निम्म्याहून जास्त शरीर पाणी आहे. त्यात पाण्याशी न जमणारा पदार्थ ठेवला की काय काय साधतं आणि काय अडतं, एवढं समजलं की मुलीचा धडाही उलगडतो आणि तुमचा रिपोर्टही.

मेदाम्लापासून सुरुवात करू. कार्बनची एक साखळी, बहुधा १६ किंवा १८ कार्बनची, तिला चहूबाजूंनी हायड्रोजन लागलेले आणि एका टोकाला आम्लाचा गट. साखळीतले सगळे बंध एकेरी असतील तर ती सरळ राहते आणि अशा सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. मध्ये एक दुहेरी बंध आला, तोही निसर्गात सापडतो तसा सिस प्रकारचा, की साखळी तिथे वाकते आणि शेजारणीला बिलगणं तिला जमत नाही. एवढ्याशा वाकण्याने किती फरक पडतो बघा. १८ कार्बनचं स्टिअरिक आम्ल ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात एक दुहेरी बंध आला की ते ओलेइक आम्ल, ते वितळतं १३ अंशांना. दोन आले की लिनोलेइक, ते उणे ५ अंशांना. कार्बन तेवढेच, फक्त चार हायड्रोजन कमी.

जानेवारीत ठाण्यात पहाटे गारठा पडला की खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि शेंगदाणा तेल मात्र वाहतं राहतं, ते यामुळेच. खोबरेलात जवळजवळ नव्वद टक्के मेदाम्लं संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंधांची असतात. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा लॉरिक आम्लाचा, ज्याची साखळी १२ कार्बनची म्हणजे आखूड. म्हणून इतकं संपृक्त असूनही ते २४-२५ अंशांनाच पातळ होतं. शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक जास्त. मुलीला संपृक्त-असंपृक्तच्या व्याख्या घोकायला लावण्याआधी या दोन बाटल्या शेजारी ठेवून दाखवा. फ्रीजमध्ये ठेवल्या तर उन्हाळ्यातही दिसेल.

वनस्पती तूप याच रसायनशास्त्राचा वापर करून बनवलं गेलं. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन घालायचा, दुहेरी बंध कमी करायचे, तेल घट्ट होतं. पण काम अर्धवट सोडलं की उरलेल्यातले काही बंध सिसचे ट्रान्स होतात. बंध दुहेरीच, पण साखळी पुन्हा सरळ. ही ट्रान्स मेदाम्लं रक्तात कोलेस्टेरॉल साचवणारं एलडीएल वाढवतात आणि ते परत नेणारं एचडीएल घटवतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. भारतात जानेवारी २०२२पासून तेल-तुपात त्यांची मर्यादा २ टक्के आहे. नियम चांगला आहे आणि यायला उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्लिसरॉलच्या एका रेणूला अशी तीन मेदाम्लं जोडली की झालं ट्रायग्लिसराइड. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला ३१०चा आकडा ज्याचा आहे तोच रेणू कढईत आहे, तुपाच्या बरणीत आहे आणि कमरेच्या टायरमध्येही आहे. त्याचं मुख्य काम साठवण. एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम पिष्टातून ४. खरी बचत मात्र पुढे आहे. शरीर पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्यासोबत दोन-तीन पट पाणी बांधलं जातं. मेद कोरडाच साठतो. साधारण बांध्याच्या माणसाच्या अंगात दहा किलो मेद धरला तर ती ९० हजार किलोकॅलरी झाली. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची म्हटली तर वजनात आणखी साठ-सत्तर किलो तरी वाढवावे लागतील.

तुम्ही खाडीकाठी राहता. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात लांब चोचीचे गॉडविट पक्षी चरताना दिसतात, ते तिथे हाच साठा भरत असतात. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी काही पाणपक्षी आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि ती वाढ बहुतेक मेदाचीच असते. २०२२मध्ये त्यांच्याच कुळातला एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत साडेतेरा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कुठेही न थांबता उडत गेला. ना अन्न, ना पाणी. मेद जाळताना पाणीही तयार होतं, एका ग्रॅममागे जवळपास एक ग्रॅम. ट्रायग्लिसराइडला वाईट म्हणणाऱ्यांनी हा पक्षी आठवावा.

आता त्या तीन मेदाम्लांपैकी एक काढून तिथे फॉस्फेटचा गट बसवा. फॉस्फोलिपिड तयार झालं, आणि एवढ्या बदलाने सगळं चित्र पालटतं. फॉस्फेटवर विद्युतभार असतो, त्याचं पाण्याशी छान जमतं. दोन शेपट्यांचं पाण्याशी जमत नाही. असे रेणू पाण्यात टाकले की ते आपोआप दोन थरांत उभे राहतात, डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे. याला ना एन्झाइम लागतं, ना ऊर्जा. साधारण ५ नॅनोमीटर जाडीचा हा पडदा म्हणजे प्रत्येक सजीव पेशीची हद्द. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारं दुसरं काही सजीवांकडे नाही.

हे दोन थर आहेत हे कळलं कसं, तो प्रयोग मला फार आवडतो. १९२५मध्ये नेदरलँड्समध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरे पडदे नाहीत, म्हणजे जे लिपिड मिळेल ते फक्त बाहेरच्या आवरणाचं. ते त्यांनी अॅसिटोनने काढलं, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा तवंग पसरवला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणून आवरण दुपदरी. पुढे कळलं की त्यांना सगळं लिपिड काढता आलं नव्हतं आणि पेशींचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही उणिवांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि निष्कर्ष बरोबर निघाला. त्या पडद्यात प्रथिनं तरंगत असतात आणि सगळं वाहतं असतं, हे चित्र १९७२मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलं. मुलीच्या अभ्यासात ते नक्की असेल.

वाहतं असणं महत्त्वाचं आहे. सात-आठ मायक्रोमीटरची तांबडी पेशी आपल्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा पहिल्यासारखी होते, असं सुमारे १२० दिवस. पडदा कडक झाला तर ती फुटेल, फार सैल झाला तर गळेल. हा तोल सांभाळायला पडद्यात कोलेस्टेरॉल असतं. चार कड्यांचा, २७ कार्बनचा हा ताठ रेणू शेपट्यांच्या मध्ये उभा राहतो. ऊब वाढली तर शेपट्यांची वळवळ आवरतो, थंडी वाढली तर त्यांना एकत्र गोठू देत नाही.

फॉस्फोलिपिडचं एक काम प्रसूतिगृहात दिसतं. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या आत पाण्याचा पातळ थर असतो आणि त्याच्या पृष्ठताणाने कोश मिटू पाहतो. मिटू नये म्हणून तिथे मुख्यतः फॉस्फोलिपिडचा बनलेला सर्फॅक्टंट पसरलेला असतो. दिवस भरायच्या बरेच आधी जन्मलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो आणि बाळाला प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. हे कारण १९५९मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. आज प्रसूतीची कळ लवकर आली तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, आणि गरज पडली तर बाळाच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडतात. एका लिपिडच्या कमतरतेने जाणारी किती बाळं यामुळे घरी जातात, हे नवजात विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

बाकीच्या कामांची यादी मोठी आहे, भराभर सांगते. कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं बनतात. त्याच्याच आधीच्या एका रेणूवर त्वचेत ऊन पडलं की व्हिटॅमिन डी तयार होतं. पित्ताम्लंही कोलेस्टेरॉलचीच. मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणाच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त लिपिड असतं, म्हणून संदेश वेगाने धावतात. तुमचा ए किंवा बी रक्तगट ज्या साखरेच्या टोकावरून ठरतो, त्यातल्या काही साखरा तांबड्या पेशीवरच्या लिपिडलाच जोडलेल्या असतात.

रंगांवर मात्र थोडं थांबते, कारण उदाहरण आपल्या दारातलं आहे. मिसळीची तर्री लाल का? मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड गटातला, म्हणजे लिपिड. तो पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून रश्श्यापेक्षा वरचा तवंग गडद लाल दिसतो. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही त्याच गटातला. शैवाल आणि बारीक कवचधारी जीव यांच्यातून ही कॅरोटिनॉइड पोटात जातात, रक्तातून मेदासोबत प्रवास करतात आणि पिसांत उतरतात. पिल्लं करडी असतात, रंग खाण्यातून येतो. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही अशीच मेदासोबत शोषली जातात. जेवणातला मेद अगदी बंद केला तर गाजर-पालक खाऊनही त्यातलं व्हिटॅमिन ए नीट मिळत नाही. म्हणून तेल-तूप पूर्ण बंद करण्याचा सल्ला मला मान्य नाही.

दुसरं कारण असं की दोन मेदाम्लं आपलं शरीर बनवूच शकत नाही: लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. १९२९मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना मेदविरहित आहारावर ठेवलं, तर त्यांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली. पहिलं आपल्या तेलांतून भरपूर मिळतं. दुसरं, ओमेगा-३ घराण्यातलं, कमी पडतं. जवसाची चटणी त्यासाठी उत्तम. पण त्यापासून मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागणारं डीएचए हे मेदाम्ल शरीर थोडंच बनवू शकतं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा आणा, त्यात ते तयार मिळतं. महागड्या सुरमईसाठी अडून बसायची गरज नाही. तळण्यापेक्षा कालवण करा.

आता अडचणीची बाजू. एवढं उपयोगी द्रव्य, पण रक्त म्हणजे पाणी, त्यातून ते न्यायचं कसं? जेवणातला मेद आतड्यात पित्ताम्लांमुळे बारीक थेंबांत फुटतो, स्वादुपिंडाचं लायपेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं, आतड्याच्या पेशी ते पुन्हा जोडतात आणि त्याभोवती फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांचं वेष्टण घालून कायलोमायक्रॉन नावाचे गोळे लसीकेत (लिम्फमध्ये) सोडतात. तिथून ते रक्तात येतात. हा आहारातला मेद. यकृतही स्वतः ट्रायग्लिसराइड बनवतं आणि व्हीएलडीएल नावाच्या गोळ्यांतून पाठवतं. वाटेत स्नायू आणि मेदपेशी त्यातून ट्रायग्लिसराइड उतरवून घेतात आणि उरतं ते कोलेस्टेरॉलने भरलेलं एलडीएल. एचडीएल जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणतं. एलडीएल, एचडीएल ही मालवाहू गाड्यांची नावं आहेत. कोलेस्टेरॉल हा माल. चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाईट कोलेस्टेरॉल असे दोन वेगळे रेणू नसतात. रिपोर्ट सांगतो ती रस्त्यावरची वाहतूक. अंगात मेद किती आहे, हे तो सांगत नाही.

ही वाहतूक डोळ्यांनी दिसते. रक्ताची नळी गोठू देऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर सीरम येतं, एरवी पारदर्शक, फिकट पिवळं. ट्रायग्लिसराइड ३००च्या पुढे गेलं की ते गढूळ दिसू लागतं, हजाराच्या पुढे गेलं की दुधासारखं पांढरं. असं सीरम आम्ही रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवतो. सकाळी वर सायीसारखा थर आला आणि खाली स्वच्छ असेल तर ते कायलोमायक्रॉन, म्हणजे जेवणातला मेद हटत नाहीये. साय नाही पण सगळं सारखं गढूळ असेल तर ते व्हीएलडीएल, म्हणजे यकृत जास्त बनवतंय. अनेकदा दोन्ही दिसतं.

आपल्याकडे जास्त करून दुसरा प्रकार भेटतो आणि ताई, तुमचा रिपोर्टही मला तोच वाटतो: ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, एलडीएल बेताचं. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात जेवणातला मेद बहुतेक निघून गेलेला असतो. उरलेलं यकृताने बनवलेलं, आणि ते यकृत बनवतं मुख्यतः जास्तीच्या साखर-पिष्टातून आणि पोटाच्या मेदातून सुटून येणाऱ्या मेदाम्लांतून. म्हणून तुपाचा चमचा बंद करून आकडा फारसा हलणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किटं, ताटात भाताचा ढीग, उपवासाला साबुदाण्याची खिचडी, पॅकेटमधले ज्यूस, हे बघा. घरात कुणी दारू घेत असेल तर त्यांचंही ट्रायग्लिसराइड याच वाटेने चढतं. वजन जास्त असेल आणि ते ५ ते १० टक्के उतरवलं तर ट्रायग्लिसराइड साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतं. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, कारण चालताना स्नायू ते रक्तातून उचलतात.

तुमच्या एलडीएलबद्दल एक सांगायला हवं. १२० हा आकडा बहुधा मोजलेला नसून काढलेला आहे: २१८ मधून ३६ वजा आणि ३१०चा पाचवा भाग, म्हणजे ६२ वजा. हे १९७२चं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड वाढत जातं तसं ते डळमळतं आणि ४००च्या पुढे वापरूच नये. तुमच्यासारख्या रिपोर्टमध्ये मी आधी नॉन-एचडीएल बघते. २१८ वजा ३६, म्हणजे १८२. बऱ्याच जणांसाठी तो १३०च्या आत असलेला बरा. एलडीएल १२० बघून निर्धास्त होण्यासारखी स्थिती नाही.

खोबरेल तेल पिऊ नका. संपृक्त मेद जास्त झाला की यकृतावरचे एलडीएल ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी काम करतात आणि एलडीएल रक्तात साचतं. या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५चं नोबेल मिळालं, हा काही ग्रुपवरचा मेसेज नाही. भाजीत खोबरं घाला, वरणभातावर थोडं तूप घ्या, पण एकूण तेल-तूप माणशी दिवसाला चार-पाच चमच्यांत बसवा आणि त्यात शेंगदाणा, मोहरी किंवा तीळ यांचा वाटा मोठा ठेवा. डब्यावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला पैसे मोजू नका, कुठल्याही वनस्पती तेलात ते नावापुरतंच असतं. डाळी, ओट्स, इसबगोल यांतले तंतू पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, मग यकृताला नवी बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. म्हणून त्यांचा उपयोग होतो.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा एचबीए१सी (साखरेची) आणि टीएसएच (थायरॉइडची) तपासणी करायला सांगितलंय का ते विचारा. लपलेला मधुमेह आणि थायरॉइडची मंद गती, दोन्ही ट्रायग्लिसराइड वाढवतात. एखादी स्टेरॉइडची किंवा संप्रेरकाची गोळी चालू असेल तर तीही सांगा. गोळ्या लागतील की नाही हे ते तुमचं वय, रक्तदाब, साखर आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास बघून ठरवतील. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, बारा तास उपाशी राहून, पुन्हा तपासणी करा. आदल्या रात्री लग्नाचं जेवण असेल तर तारीख पुढे ढकला. मध्येच ट्रायग्लिसराइडचा आकडा ५००च्या वर गेलेला दिसला तर तीन महिने थांबू नका, कारण तिथून पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो. आणि वरच्या पोटात, पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ उलट्यांसह आली तर आकड्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.